कमी दिवसांच्या बाळाची झोप: थोपटू नका, छातीशी धरा

देवगड तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी ३१व्या आठवड्यात झाली, जन्मवजन १३०० ग्रॅम. आज बारावा दिवस, बाळ जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत आहे. सीपॅप (श्वासाला मदत म्हणून नाकातून हवेचा दाब देणारं यंत्र) निघालं, नळीने दूध चालू आहे. आई विचारते: "ती नीट झोपतच नाही. सारखी दचकते, तोंड वेडंवाकडं करते, हातपाय झटकते. रात्रीसुद्धा दिवे आणि मशीनची टूंटूं चालूच असते. तिला चांगली झोप लागावी म्हणून मी काय करू? आणि घरी नेल्यावर सासूबाई जायफळाची गुटी देणार म्हणतात. त्याने झोप लागते ना?"

ताई, जायफळाचं आधी सांगून टाकते: द्यायचं नाही. का, ते शेवटी नीट लिहिते, कारण सासूबाईंना समजावताना तुम्हाला कारण लागेल.

मी कोकणातल्या नवजात विभागात बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम करते आहे आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते. तुमच्या लेकीची फाइल तिच्या डॉक्टरांसमोर आहे, माझ्यासमोर नाही. म्हणून खाली लिहिलेलं काहीही करण्याआधी तिथल्या सिस्टरांना आणि डॉक्टरांना विचारा. त्यांना विचारायला संकोच करू नका, आई विचारते तेव्हा आम्हाला बरंच वाटतं.

पहिली गोष्ट, ती झोपते आहे. तुम्हाला जे दिसतंय त्यातली बरीचशी झोपच आहे.

ती आत्ता पोटात असती तर ३३ आठवडेही पुरे झाले नसते. या वयाची बाळं दिवसाचा बहुतेक वेळ झोपेतच असतात, पण ती झोप आपल्यासारखी शांत नसते. तिचा मोठा भाग हालचालीच्या झोपेचा असतो. उद्या भेटीच्या वेळी पेटीशी दहा मिनिटं नुसत्या उभ्या राहा, हात न लावता. पापण्या मिटलेल्या असतील, पण त्यांच्याखाली बुबुळं सरकताना दिसतील. भुवई वर जाईल, ओठ चोखल्यासारखे हलतील, मधेच रडवेला चेहरा आणि लगेच हसरा. एखादं बोट, एखादं पाऊल टचकन उडेल. श्वास भराभर, मग हळू, मग क्षणभर थांबल्यासारखा. हे सगळं झोपेत चाललेलं असतं. मग काही वेळाने चेहरा सैल पडतो, हात स्थिर होतात, पोट एका लयीत वरखाली होऊ लागतं. ती शांत झोप. जसजसे आठवडे वाढतात तसतशी शांत झोप वाढते, आणि दोन्ही झोपांचं एक आवर्तन साधारण पाऊण ते एक तासाचं असतं.

या हालचालींकडे पूर्वी डॉक्टरही फारसं लक्ष देत नसत. १९६६ साली रॉफवार्ग, मुझिओ आणि डिमेंट या अमेरिकी संशोधकांनी मांडलं की गर्भात आणि नवजात वयात ही हालचालीची झोप इतकी जास्त असते ती मेंदूची जडणघडण होण्यासाठीच. बाहेरून फारसं काही पाहायला-ऐकायला नसताना मेंदू स्वतःच स्वतःला चालना देत असतो. पुढे उंदरांच्या पिलांवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की झोपेत पाय उडाला की त्याची खबर मेंदूकडे परत जाते. आपला कोणता स्नायू कुठे आहे हे मेंदू असं शिकत असतो. म्हणजे तुमच्या लेकीचं बोट उडतं तेव्हा तिचं काम चाललेलं असतं. त्या क्षणी "उगी उगी" म्हणून पेटीत हात घातला की ते काम अर्धवट राहतं. आया सर्वांत जास्त हेच करतात, आणि करतात ते मायेपोटीच.

दचकणं आणि आकडी यांतला फरक मात्र माहीत असू द्या. उडणाऱ्या हातावर आपलं बोट हलकेच टेकवलं आणि तो थांबला, तर काळजी नाही. धरूनही एका लयीत झटके येत राहिले, डोळे एकाच बाजूला लागले, रंग बदलला, तर लगेच सिस्टरला हाक मारा. श्वासाचंही तसंच आहे. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा चालू होणारा श्वास या वयात सर्रास दिसतो. वीस सेकंद थांबला, किंवा त्याआधीच रंग निळसर झाला, ठोके मंदावले, तर तो आजार, आणि त्यासाठीच तो मॉनिटर लावलेला आहे.

आता झोपमोड कशाने होते ते बघू. तुम्ही दिवे आणि आवाज म्हणालात, ते खरंच आहे. पण माझ्या मते अतिदक्षता विभागात बाळाची झोप सगळ्यात जास्त मोडते ती माणसांच्या हातांनी. रक्त घ्यायला हात, लंगोट बदलायला हात, तापमानाचा प्रोब सरकला म्हणून हात, वजन, सलाइन, क्ष-किरण, डॉक्टरांचा राऊंड, आणि मग तासाभराने आलेले नातेवाईक. प्रत्येकाचं काम दोनच मिनिटांचं, पण बाळाला मधे सलग तासभर मिळत नाही. म्हणून चांगल्या विभागात कामं एकत्र बांधतात. १५०० ग्रॅमच्या आतल्या बाळाला बहुतेक ठिकाणी दर दोन तासांनी दूध असतं, त्या दुधाच्या वेळेलाच लंगोट, तापमान, कूस बदलणं उरकून घ्यायचं आणि मग पेटीचं दार बंद. अगदी नाजूक बाळाला मात्र सगळं एकदम केलं तरी थकवा येतो, तिथे सिस्टर कामं वाटून घेते. हे ठरवायचं कसं, तर बाळच सांगतं. हाताचा पंजा फाकवून समोर धरणं, बस थांबवायला आपण हात करतो अगदी तसं. उचक्या, एकापाठोपाठ शिंका किंवा जांभया, अंगावर जाळीसारखे निळसर चट्टे, पाठ ताणून धनुष्य करणं, तोंड फिरवणं. यातलं काही दिसलं की हातातलं काम थांबवून बाळाला सावरू द्यायचं. अमेरिकेत बोस्टनच्या हायडेलिझ आल्स यांनी १९८०च्या दशकात या खुणा वाचून शुश्रूषा करण्याची पद्धत उभी केली. आज आम्ही पेटीभोवती जे जे जपून करतो त्यातलं बरंचसं तिथून आलेलं आहे.

तुम्ही त्यात काय करायचं? दुधाची वेळ विचारून घ्या आणि त्याच वेळेला या. लंगोट तुम्हीच बदला, सिस्टर शिकवेल. कमी दिवसांच्या बाळाचे पाय वर उचलायचे नसतात, अंगाखाली लंगोट सरकवताना कुशीवर कलवायचं असतं. एक हात तिच्या पावलांना टेकलेला ठेवायचा, म्हणजे पाय हवेत भिरभिरत नाहीत. बाळ झोपेत असेल तर आधी हळू आवाजात नाव घ्या, मग हात स्थिर ठेवा, मग काम. एकदम दार उघडून गार हात लावला की ती दचकून उठणारच.

आणि थोपटायचं नाही. हे सांगताना मला दर वेळी आयांचा चेहरा पडलेला दिसतो, कारण आपल्याकडे मूल निजवायचं म्हणजे थोपटायचं, मांडी हलवायची, पाळण्याला दोरी. पुऱ्या दिवसांच्या बाळाला ते आवडतं. १३०० ग्रॅमच्या बाळाची कातडी आणि मज्जातंतू इतके कच्चे असतात की थोपटणं, गोंजारणं, पाठीवरून बोटं फिरवणं यांनी ते शांत होण्याऐवजी बेचैन होतं. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा खाली येतो तो तुम्हालाही दिसेल. तिला हवा असतो न हलणारा हात. एक तळवा डोक्याच्या टाळूवर हलकेच टेकवलेला, दुसरा गोळा केलेल्या पायांवर, हातांच्या मुठी तिच्या तोंडाजवळ आलेल्या. दाब नाही, पण ओझरता स्पर्शही नाही. आणि मग तसंच राहायचं, पाच मिनिटं, दहा मिनिटं. काढतानाही एकेक हात सावकाश काढायचा. तुमच्या पोटात ती अशीच सगळीकडून वेढलेली होती. टाचेतून रक्त घेताना कोणी असं धरून बसलं आणि आधी दोन मिनिटं तुमच्या दुधाचे काही थेंब जिभेवर सोडले, तर कळ कमी होते आणि त्यानंतर ती लवकर झोपते. सिस्टरना म्हणा, "रक्त घ्यायचं असेल तेव्हा मला बोलवा, मी धरते." काहींना ते बघवत नाही, तसं असेल तर स्वतःवर जबरदस्ती करू नका.

पेटीत तिच्याभोवती दुपट्याची गुंडाळी करून घरटं केलेलं असेल, आणि बहुधा तिला मधूनमधून पालथं झोपवलेलं दिसेल. पालथं घातल्यावर कमी दिवसांची बाळं गाढ झोपतात आणि श्वासही सुधारतो. पण ते फक्त मॉनिटर लावलेला असताना, कोणाची तरी नजर असताना. घरी नाही. घरचं पुढे सांगते.

आता मुख्य उपाय, ज्यापुढे बाकीचं सगळं मला दुय्यम वाटतं: कांगारू. म्हणजे बाळाला फक्त लंगोट, टोपरं आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर उभं, बेडकासारखे हातपाय दुमडून, वरून दुपटं किंवा बांधायचा कपडा. कोलंबियात बोगोटा इथे १९७८ साली डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली, पेट्या कमी आणि बाळं जास्त अशी अडचण होती म्हणून. आज ती अडचणीतला पर्याय राहिलेली नाही. भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर झालेला मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच कांगारू सुरू केलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होते. आपल्याकडचं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या सगळ्या बाळांना दिवसाला ८ ते २४ तास कांगारू द्यावं, शक्य तितक्या लवकर सुरू करून.

झोपेच्या दृष्टीने बोलायचं तर छातीवर बाळाची झोप कमी वेळा मोडते आणि शांत झोप वाढते. पण त्याला एक अट आहे, एका बैठकीला किमान एक तास. पेटीतून छातीवर येताना बाळाची झोप मोडतेच. पहिली काही मिनिटं ती कण्हते, मान इकडेतिकडे करते, आकडा थोडा खाली येतो. इथेच पुष्कळ आया घाबरून "सिस्टर, हिला परत ठेवा" म्हणतात. थांबा. सिस्टर शेजारी असते, आकडा तिच्या नजरेत असतो. दहा-पंधरा मिनिटांत मुठी सुटतात, गाल तुमच्या छातीवर पसरतो, श्वास एका लयीत येतो. तिथून पुढे एक आवर्तन पुरं व्हायला तासभर लागतो. वीस मिनिटांनी उचलून परत ठेवलंत तर दोनदा झोपमोड झाली आणि पदरात काहीच पडलं नाही. त्यामुळे बसण्याआधी लघवीला जाऊन या, पेजेचा किंवा दुधाचा पेला पिऊन घ्या, फोन सायलेंट करून बाजूला ठेवा, मंगळसूत्र आणि बांगड्या काढून ठेवा, पुढून उघडणारं ब्लाउज किंवा गाऊन घाला. पाठीला उशी हवी, नाहीतर अर्ध्या तासात कंबर धरते. बाळाची मान सरळ, नाक मोकळं, चेहरा एका बाजूला आणि तुम्हाला दिसेल असा. तुम्हाला झोप येत असेल तर आरामखुर्ची किंवा डोक्याकडे उचललेला पलंग मागा आणि बाळ कपड्याने नीट बांधून घ्या.

तिच्या वडिलांनाही हे जमतं. कोकणात निम्म्या बाळांचे वडील मुंबईला नोकरीत असतात, शनिवारी रात्रीच्या गाडीने येतात आणि रविवारी पेटीच्या काचेतून बघून परत जातात. त्यांना सांगा, आंघोळ करून, शर्टाची बटणं उघडून तासभर बसा. मावशी, आत्या, आजी, कोणीही निरोगी माणूस चालतं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडची कितीतरी गावं बरेच दिवस विजेविना राहिली. अशा वेळी बाळाला ऊब द्यायला छाती लागते, वीज लागत नाही. आपल्या किनाऱ्यावर हे प्रत्येक घराला यायला हवं.

एक अडचण मला माहीत आहे, ती तुम्ही लिहिलेली नाही पण असणार. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीने घराबाहेर पडू नये, शेक-शेगडी चुकवू नये, वारा लागेल, असं सांगून आईला गावी ठेवतात आणि दूध बाटलीतून माणसाबरोबर पाठवतात. पन्नास-साठ किलोमीटरचा रस्ता, घाट, पावसाळा, सगळं कबूल. पण बाळाला तुमची सगळ्यात जास्त गरज याच दिवसांत असते. रुग्णालयात आयांना राहायची खोली असते का, विचारा. नसली तर जवळ कोणाकडे पाठ टेकायची सोय बघा. घरच्यांना सांगा की डॉक्टरांनी बोलावलंय, कांगारू हा उपचार आहे. ते खरंच आहे.

आवाजाबद्दल. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने १९९७ साली नवजात विभागातला आवाज ४५ डेसिबलच्या आत ठेवावा असं म्हटलं. आपलं साधं बोलणंच साधारण ६० च्या घरात जातं, त्यामुळे ते गाठणं कुठल्याही विभागाला अवघड आहे. मॉनिटरचा अलार्म बंद करता येत नाही, पण तो वाजल्यावर किती लवकर कोणी बघतं यावर बरंच अवलंबून असतं. तुमच्या हातातल्या गोष्टी साध्या आहेत. पेटीवर बोटांनी टकटक करून "ए सोनू" म्हणायचं नाही, आत तो आवाज कित्येक पट मोठा होतो. पेटीच्या टपावर पर्स, बाटली, वाटी ठेवायची नाही. दाराची खिट्टी दोन बोटांनी धरून लावायची. आणि तिच्या कानात कापूस घालायचा नाही. बोलायचं असेल तर दार उघडून, तोंड जवळ नेऊन, हळू. तुमचा आवाज ती पोटातून ओळखते. ओवी म्हणा, अंगाई म्हणा, पण ती जागी असताना किंवा छातीवर असताना, एकाच वेळी थोपटणं आणि गाणं आणि डोळ्यांत बघणं असं सगळं नको. या वयाला एकच गोष्ट एका वेळी झेपते.

प्रकाशाचं थोडक्यात. कमी दिवसांच्या बाळाच्या पापण्या पातळ असतात, मिटल्या तरी उजेड आत जातो. म्हणून पेटीवर कापड घालतात. आमच्याकडे एका आजीने जुन्या नऊवारीची गोधडी शिवून आणली होती, निळ्या काठाची, एका बाजूला झडप ठेवलेली, म्हणजे बाळाचा रंग बघता येतो. ते महत्त्वाचं, पूर्ण झाकायचं नाही. कापड उकळत्या पाण्यात धुऊन, उन्हात किंवा पावसाळ्यात इस्त्रीखाली खडखडीत वाळवलेलं हवं, दमट गोधडी नको. काविळीसाठी निळ्या लाइटखाली असेल तर कापड घालायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. तुमच्या लेकीच्या वयापासून दिवसा मंद उजेड आणि रात्री अंधार असा फरक ठेवलेला बरा. इंग्लंडमध्ये १९८६ साली एक छोटा अभ्यास झाला. दिवस-रात्र पाळणाऱ्या खोलीतली बाळं आणि सतत उजेडातली बाळं, असे दोन गट. फरक रुग्णालयात नाही, घरी गेल्यावर दिसला: दिवस-रात्र पाळलेली बाळं जास्त झोपत होती आणि त्यांचं वजनही जास्त भरलं. रात्री पेटीजवळचा एक दिवा तरी मालवता येईल का, हे सिस्टरना जरूर विचारा. काढलेल्या दुधाच्या बाटलीवर वेळ लिहिता ना? रात्री काढलेल्या दुधात मेलाटोनिन, म्हणजे झोपेला मदत करणारं संप्रेरक असतं, दिवसाच्या दुधात ते नसल्यात जमा. जमत असेल तर रात्रीचं दूध रात्रीला द्या. दूध कमी असेल तर हा हिशोब सोडून द्या, दूध पोटात जाणं मोठं.

एक तपासणी येणार आहे, ती आधीच सांगते. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत बघायचा असतो. बाहुली मोठी करायला थेंब घालतात, तपासणी त्रासदायक असते आणि त्या दिवशी बाळ नीट झोपत नाही. त्या दिवशी कांगारू जास्त वेळ ठेवा, उजेड कमी ठेवा. पण तपासणी कोणत्याही कारणाने पुढे ढकलू नका, पडद्याचा आजार वेळेत सापडला तर दृष्टी वाचते.

आता घर. पहिले दोन-तीन दिवस ती अजिबात झोपत नाही असं वाटेल. आठवडेच्या आठवडे मशीनच्या घरघरीत आणि उजेडात काढल्यावर गावातली रात्र तिला परकी वाटते. रात्री एक मंद दिवा आणि पंख्याचा हलका आवाज चालेल. दिवसा खिडक्या उघड्या, घरातली बोलाचाली चालू, रात्री दूध पाजताना मात्र बोलणं नाही, मोठा दिवा नाही. कांगारू घरीही चालू ठेवा, ती स्वतःच वळवळून बाहेर पडायला बघेपर्यंत.

झोपवायचं नेहमी पाठीवर. रुग्णालयात पालथं होती म्हणून घरी पालथं नाही, घरी मॉनिटर नाही. घट्ट, सपाट गादी. उशी नाही, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशीही नाही. लाकडी सपाट पाळणा चालेल. साडीची झोळी नको, झोळीत तिची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट दबते. तुमच्याच खोलीत, तुमच्या शेजारी, पण तिचं अंथरूण वेगळं. धुरी नको. ओवा-वेखंडाची असो की उदाची, जे फुप्फुस महिन्याभरापूर्वी मशीनवर होतं त्याला धूर सोसत नाही. डासांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी. नाका-कानात तेल नाही.

आणि इथे मी मघाच्या माझ्याच सांगण्याच्या उलट सांगणार आहे. घरी तिला दुधासाठी उठवायचं. तीन तास झाले आणि ती झोपलेली असली तरी उठवायचं, वजन चांगलं वाढतंय असं डॉक्टर म्हणेपर्यंत. पायाचे तळवे चोळा, दुपटं सोडा, लंगोट बदला. कमी दिवसांचं बाळ भुकेने हमखास रडेल असं नाही, ते झोपून राहतं. "किती गुणी, रडतच नाही" म्हणून आनंदात असलेलं घर मी पाहिलं आहे, आणि त्याच बाळाला गार पडलेल्या अवस्थेत परत आणताना पाहिलं आहे. झोप आणि सुस्ती वेगळ्या. झोपलेलं बाळ उठवल्यावर तोंड उघडून दूध शोधतं. सुस्त बाळ उठतच नाही, उठलं तर ओढत नाही, हात सोडला की तो धपकन पडतो. पोट आणि पाय गार लागतात, रंग निळसर किंवा पिवळा, छाती आत ओढली जाते. तेव्हा सकाळ व्हायची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत बाळ छातीशी. सरकारी रुग्णालयात वर्षभराच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत असते, पैशांसाठी रात्र काढू नका. आशाताई घरी येतील तेव्हा वजन करून घ्या आणि झोपेबद्दलही त्यांना सांगा.

रात्रभर कधी झोपेल, हेही तुम्ही पुढे विचाराल. तिचं वय प्रसूतीच्या मूळ तारखेपासून मोजा, जन्मतारखेपासून नाही. शेजारच्या पुऱ्या दिवसांच्या बाळाशी तुलना करायची तर नऊ आठवडे वजा करून करा.

आता सासूबाई आणि जायफळ. आपल्या पोफळीच्या बागेत जायफळाचं झाड असतं, पिढ्यान्‌पिढ्या गुटीत त्याचे दोन वेढे उगाळले गेले आहेत, आणि त्याने मूल झोपतं हेही खोटं नाही. गुंगी येते म्हणूनच ते झोपतं. तुमच्या लेकीच्या मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं आहे, ती मुळातच अधूनमधून श्वास घ्यायची थांबते. तिला गुंगी आणणारं काहीही दिलं तर तो थांबलेला श्वास परत सुरू होईलच याची खात्री नाही. सहाणेवर किती उगाळलं गेलं हे मोजता येत नाही, आणि सव्वा किलोच्या शरीराला दोन वेढे म्हणजे केवढे! शिवाय सहाण, पाणी, मध यांतून जंतू जातात. मध तर कोणत्याच बाळाला वर्षाच्या आत नाही. बाजारातली बाळगोळी, ग्राइप वॉटरही नको. सहा महिने फक्त तुमचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं.

पण नुसतं "नको" म्हणून आजी ऐकणार नाहीत, आणि त्यांचा जीव बाळासाठीच तुटतोय. "पोर सारखा दचाकता गो, नजर लागली आसतली," असं त्या म्हणतील तेव्हा पापण्यांखालची बुबुळं त्यांना दाखवा आणि ही झोपच आहे हे सांगा. दृष्ट काढायची असेल तर मीठ-मोहरीने बाहेरच्या पडवीत काढू द्या, धूर आत येणार नाही एवढं बघा. आणि त्यांना कांगारू शिकवा. मिश्री लावत असतील तर हात-तोंड साबणाने धुऊन, स्वच्छ धुतलेलं ब्लाउज घालून, बांगड्या काढून. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी नाही. दुपारी तुम्ही जेवून दोन तास आडव्या व्हाल तेवढा वेळ बाळ आजीच्या छातीवर. जमलं तर डिस्चार्जच्या आधीच एकदा त्यांना वॉर्डात घेऊन या, सिस्टर त्यांना खुर्चीत बसवून बाळ कसं धरायचं ते स्वतः दाखवेल.